लोखंडाच्या चुऱ्याऐवजी वीज: नायट्रो रिडक्शन इलेक्ट्रोलिसिसने करायचं म्हटलं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तारापूरला छोटं युनिट आहे, लोखंडाचा चुरा आणि आम्ल वापरून नायट्रो संयुगांची अमाइन्स बनतात. माल विकला जातो, पण स्लज, म्हणजे उरलेला लोखंडी गाळ, उचलायला आणि तळोज्यासारख्या घातक कचरा केंद्रात पाठवायला जो खर्च येतो तो नफा खातो. तेव्हा हेच रिडक्शन विजेवर करता येईल का, विशेषतः पॅरा-अमिनोफिनॉल (पॅरासिटामॉलचा कच्चा माल), आणि करायचं तर सुरुवात कुठून करावी?

करता येतं. रसायन म्हणून यात नवं काहीच नाही. सेंद्रिय इलेक्ट्रोलिसिसचा इतिहास फॅराडेपर्यंत मागे जातो. कोल्बेने 1840च्या दशकात कार्बोक्झिलिक आम्लांच्या क्षारांतून वीज सोडून हायड्रोकार्बन काढले. नायट्रोबेंझिनपासून विजेने अमिनोफिनॉल गाटरमानने 1893 मध्ये केलं, आणि 1898 मध्ये फ्रिट्झ हाबरने दाखवलं की कॅथोडचं, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडचं, पोटेन्शियल कुठे धरता यावर नायट्रोबेंझिन कुठल्या पायरीवर थांबेल हे ठरतं. अमोनियावाला हाबर तो हाच. म्हणजे मूळ कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे. तरीही बहुतेक कारखाने इतकी वर्षं लोखंडच टाकत राहिले, आणि ज्यांना परवडलं ते हायड्रोजनच्या ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या बंद भांड्याकडे, वळले. त्याचं कारण समजून घेतल्याशिवाय सेलवर, म्हणजे ज्या टाकीत हे इलेक्ट्रोलिसिस होतं तिच्यावर, पैसे घालू नका.

लोक पहिला प्रश्न विजेच्या बिलाचा विचारतात. तो सगळ्यांत सोपा आहे, एका कागदावर सुटतो. माझ्या अनुभवात प्रकल्प अडतो तो दोन ठिकाणी. द्रावणात वीज वाहावी म्हणून जे आम्ल किंवा मीठ घालता ते शेवटी कुठे जाणार, आणि समोरच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे अॅनोडवर, काय घडणार. या दोन गोष्टींचं उत्तर ज्यांनी आधी शोधलं त्यांचे प्लांट चालले.

आधी वीज संपवू. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे 96,485 कूलोम, म्हणजेच 26.8 अँपिअर-तास. नायट्रोपासून सरळ अमाइनपर्यंत जायला सहा इलेक्ट्रॉन लागतात, पण नायट्रोबेंझिनपासून पॅरा-अमिनोफिनॉलला चारच. कारण चार इलेक्ट्रॉनांवर फेनिलहायड्रॉक्सिलअमाइन तयार होतं आणि पुढचं काम गरम आम्ल करतं: बॅम्बर्गर पुनर्रचना होते, नायट्रोजनवरचा हायड्रॉक्सिल गट निघतो आणि पाण्यातून नवा रिंगवर पॅरा जागी बसतो, आणि त्यासाठी वीज लागत नाही. म्हणून एक मोल, म्हणजे 109 ग्रॅम मालाला 107 अँपिअर-तास. करंट एफिशियन्सी, म्हणजे करंटचा मालासाठी खरोखर कामी येणारा वाटा, 65 टक्के आणि सेलचा व्होल्टेज साडेचार धरला तर किलोमागे पावणेसात युनिट वीज. नऊ रुपये युनिट धरा, साठ-एक रुपये. रेक्टिफायरमधली (एसीचं डीसी करणाऱ्या यंत्रातली) घट त्यावर थोडी.

आता लोखंडाचा हिशोब. समीकरणाप्रमाणे चार नायट्रो गटांना नऊ लोखंडाचे अणू लागतात आणि मॅग्नेटाइट या लोह ऑक्साइडचे तीन भाग उरतात. म्हणजे पॅरा-नायट्रोफिनॉल रिड्यूस करताना एक किलो पॅरा-अमिनोफिनॉलमागे कोरडं लोह ऑक्साइड 1.6 किलो. हे कागदावरचं. प्रत्यक्षात लोखंड जास्त घालावं लागतं, आणि फिल्टर प्रेसमधून निघणारा केक ओला असतो, त्यात माल अडकलेला असतो. तुमचं वजनकाट्याचं रजिस्टर उघडलंत तर आकडा याच्या बराच वर दिसेल. इथवर वीज जिंकते असंच वाटतं.

पण सेलमधून बाहेर आलेलं द्रावण पाहा. साधारण 20 टक्के सल्फ्युरिक आम्ल आणि त्यात विरघळलेला अमिनोफिनॉलचा सल्फेट. दहा लिटर द्रावणात एक किलो माल आहे असं धरू. त्या दहा लिटरमध्ये सव्वादोन किलोच्या वर आम्ल आहे. माल मोकळा करायला ते अमोनियाने मारलंत की अमोनियम सल्फेट तयार होतं सुमारे तीन किलो. स्लज 1.6 किलो होता, इथे मीठ तीन किलो, तेही पाण्यात विरघळलेलं. स्लज निदान ट्रकमध्ये भरता येतो. हे पाणी तुमच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांटमध्ये जाणार, टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढवणार, आणि शेवटी कुणाला तरी ते आटवावं लागणार. प्रदूषण मंडळाच्या कागदावर एक रकाना रिकामा होऊन दुसरा भरला, एवढंच. प्लॅटिनम कॅटॅलिस्टवर हायड्रोजन वापरून आम्लात हेच करणाऱ्यांनाही ही अडचण चुकलेली नाही, कारण आम्ल बॅम्बर्गरला हवंच असतं.

म्हणून पॅरा-अमिनोफिनॉलच्या बाबतीत सगळा खेळ तीन आकड्यांचा आहे: आम्ल किती पातळ चालतं, द्रावणात माल किती दाट करता येतो, आणि माल काढून घेतल्यावर आम्ल किती वेळा परत सेलमध्ये फिरवता येतं. अमोनियम सल्फेटला खात्रीचं गिऱ्हाईक असेल तर गणित बदलतं. ते गिऱ्हाईक आधी शोधा, सेलची ऑर्डर नंतर.

मीठ कमी करून प्लांट कसा वाचतो याचं सर्वांत मोठं उदाहरण मॉन्सँटो या अमेरिकन कंपनीचं. नायलॉन 6,6 साठी अॅडिपोनायट्राइल लागतं. त्यांच्या मॅन्युएल बायझरने अॅक्रिलोनायट्राइलचे दोन रेणू कॅथोडवर शेपटीला शेपूट जोडून ते बनवलं, आणि 1965 मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या डिकेटरला प्लांट उभा राहिला. चतुर्थक अमोनियम क्षार ही त्यातली किल्ली होती. त्याचे जाडजूड आयन कॅथोडला चिकटून पाणी दूर ठेवतात. पाणी जवळ असेल तर अर्धवट रिड्यूस झालेल्या रेणूला लगेच प्रोटॉन मिळतो आणि जोडी न जमता प्रोपिओनायट्राइल हाती येतं. सुरुवातीच्या पद्धतीत हा क्षार द्रावणात भरपूर होता, सेलमध्ये दोन्ही इलेक्ट्रोडांकडची द्रावणं वेगळी ठेवणारा पडदा होता, कॅथोड शिशाचा होता. पुढे त्यांनी क्षार अगदी थोडका ठेवला, वाहकतेचं काम स्वस्त फॉस्फेटवर सोपवलं, कॅडमियमचा थर दिलेलं पोलाद कॅथोडला घेतलं आणि पडदाच काढून टाकला. विजेचा खर्च निम्म्याहून खाली आला. रिअॅक्शन तीच होती, भोवतीचं सगळं बदललं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा इतिहास आधी वाचायला सांगतो, कारण पेपरांमध्ये रिअॅक्शन रंगवून सांगितलेली असते आणि भोवतालच्या गोष्टी सपोर्टिंग माहितीत दडलेल्या असतात.

सुरुवात कुठून, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. नायट्रोबेंझिनला हात लावण्याआधी टेबलावर कॅल्शियम ग्लुकोनेट बनवा. तुमचं उत्पादन ते नव्हे हे मला कळतं. पण सेंद्रिय इलेक्ट्रोलिसिसमधलं जवळजवळ सगळं व्याकरण त्या एका बीकरमध्ये शिकता येतं, आणि कच्चा माल निरुपद्रवी आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये इसबेल आणि फ्रश यांनी 1931 मध्ये ही पद्धत मांडली. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेने, म्हणजे सेक्रीने, ग्लुकोनेटवर आणि एकूणच सेंद्रिय इलेक्ट्रोलिसिसवर पुष्कळ काम केलं. एच. व्ही. के. उडुपा यांचं फिरत्या कॅथोडवरचं काम तिथलंच.

करायचं असं. 18 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे एक दशांश मोल, पाव लिटर पाण्यात. त्यात पाच ग्रॅमपेक्षा किंचित जास्त कॅल्शियम कार्बोनेट, ते विरघळत नाही, दुधासारखं तरंगत राहतं. चार-पाच ग्रॅम सोडियम ब्रोमाइड. ग्रॅफाइटच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीचा साधारण पाच बाय दहा सेंटिमीटरचा भाग बुडालेला, मध्ये एक सेंटिमीटर अंतर. खाली मॅग्नेटिक स्टरर, भोवती थंड पाणी. बेंच पॉवर सप्लायवर एक अँपिअर लावा. इलेक्ट्रॉन दोन लागतात, म्हणून हिशोबाने 5.36 अँपिअर-तास, साधारण पाच तास वीस मिनिटं.

आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. अॅनोड ग्लुकोजला थेट ऑक्सिडाइज करत बसत नाही. तो ब्रोमाइडचं ब्रोमीन करतो, ब्रोमीन द्रावणात ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन करतं आणि परत ब्रोमाइड होऊन अॅनोडकडे येतं. लॅक्टोन पाण्याने उघडून ग्लुकोनिक आम्ल होतं, ते कार्बोनेट खातं, कार्बन डायऑक्साइड सुटतो. कॅथोडवर हायड्रोजन. म्हणजे ब्रोमाइड विजेचं ओझंही वाहतं आणि ऑक्सिडेशनही करतं, शिवाय संपत नाही. आणि आम्ल मारायला जे घातलं ते कॅल्शियम वाया जात नाही, तेच मालाचा भाग होतं. मी वर म्हटलेल्या दोन्ही प्रश्नांचं इतकं नेटकं उत्तर फार थोड्या प्रक्रियांत मिळतं.

चालू असताना अॅनोडलगत नजर ठेवा. ढवळणं कमी पडलं की तिथे पिवळसर-तपकिरी धागे उतरताना दिसतात. ते ब्रोमीन आहे, ग्लुकोज वेळेवर पोचत नाही एवढाच त्याचा अर्थ. ढवळणं वाढवा किंवा करंट उतरवा. हाच पिवळेपणा शेवटी सगळ्या द्रावणात पसरून टिकला तर ग्लुकोज संपत आलं. तिथे वीज बंद करा, नाहीतर ग्लुकोनेट पुढे ऑक्सिडाइज व्हायला लागतं. दुसरं लक्षण व्होल्टेजमध्ये दिसेल. करंट तेवढाच ठेवूनही तासाभराने व्होल्टेज चढायला लागला तर कॅथोड उचलून पाहा, त्यावर पांढरी खरबरीत साय बसलेली असते. कॅथोडजवळ द्रावण अल्कधर्मी होतं आणि कॅल्शियम तिथेच बसतं. दोन्ही पट्ट्या ग्रॅफाइटच्या का घ्यायच्या ते आता कळेल: तारा अदलाबदल करून थोडा वेळ उलटा प्रवाह दिला की साय सुटते. कॅथोड पोलादाचा असता तर उलट्या प्रवाहात लोखंड विरघळून माल खराब झाला असता.

माल काढताना धीर धरा. हिशोबाने मोनोहायड्रेट 22.4 ग्रॅम मिळायला हवं आणि खोलीच्या तापमानाला शंभर मिलिलिटर पाण्यात ते तीन-साडेतीन ग्रॅमच विरघळतं. तरी द्रावण स्वच्छ दिसेल, काहीच पडणार नाही, कारण कॅल्शियम ग्लुकोनेट हट्टाने अतिसंतृप्त राहतं. गरम गाळून, थोडं आटवून, बाजारातल्या कॅल्शियम ग्लुकोनेटचे चार कण बीज म्हणून टाका आणि रात्रभर ठेवा. मदर लिकर, म्हणजे माल गाळल्यावर उरलेलं द्रावण, फेकू नका, त्यात ब्रोमाइड आहे, पुढच्या बॅचला वापरा. तिसऱ्या-चौथ्या फेरीत मदर लिकरमध्ये काय साठत जातं तेही तपासा. हायड्रोजन सुटतो म्हणून जागा हवेशीर हवी, ठिणगी जवळ नको, आणि ब्रोमीनचा वास आला तर तो मनावर घ्या.

हे हातात बसलं की पॅरा-अमिनोफिनॉलचा सेल किती वेगळा आहे ते आपोआप लक्षात येईल. तिथे पडदा लागतोच. अमिनोफिनॉल हवेतसुद्धा काळं पडतं, मग अॅनोडला लागलं तर क्विनोनइमाइन होऊन डांबर व्हायला कितीसा वेळ लागणार. कॅटायन मेंब्रेन घ्या. त्यातून प्रोटॉन अॅनोडकडून कॅथोडकडे येतात, आणि मालही धन आयनाच्या रूपात असल्यामुळे प्रवाह त्याला कॅथोडच्या बाजूलाच ठेवतो. अॅनोडला जुन्या पेपरांत शिसं असतं. प्लेटिंगवाले तेच सुचवतील, स्वस्त आहे, सल्फ्युरिकमध्ये टिकतं. तुमचा माल मात्र शेवटी पॅरासिटामॉलमध्ये जाणार आहे. शिशाचा अंश मालात सापडला तर गिऱ्हाईक पूर्ण लॉट परत पाठवील. टायटॅनियमवर इरिडियम ऑक्साइडचा थर असलेला अॅनोड महाग पडला तरी तोच घ्या.

कॅथोडला जुन्या कामांत पारा चढवलेला तांब्याचा किंवा मोनेलचा (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा) गोल असे. पाऱ्यावर हायड्रोजन सुटायला जड जातो, त्यामुळे करंट नायट्रोवर खर्च होतो. निष्कर्ष चांगले यायचे. आज पारा आणि कॅडमियम दोन्ही विसरा. कारखान्यात पारा आणला की तो जमिनीत, गटारात, माणसांत कुठेही निघतो, आणि औषधाच्या कच्च्या मालात त्याला जागा नाही. साध्या तांब्यावर सुरुवात करा, अॅनिलिन थोडं जास्त पडेल ते स्वीकारा. टायटॅनियमवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन, त्यातल्या टायटॅनियमच्या दोन अवस्थांकडून नायट्रो रिड्यूस करवून घेण्याचा मार्गही आहे. कारैकुडीला त्यावर काम झालेलं आहे, ते जरूर शोधून वाचा.

खरी झुंज आहे नायट्रोबेंझिन आणि पाणी यांची. पाण्यात ते 0.2 टक्केच विरघळतं. म्हणजे कॅथोडला लागणारा माल तेलाच्या थेंबांतून विरघळत-विरघळत येतो, आणि करंट त्या वेगापेक्षा जास्त लावला की उरलेला हायड्रोजन बनवण्यात जातो. फिरते कॅथोड याचसाठी आले. तापमान 80 ते 90 अंश ठेवा, त्याने विरघळणंही सुधारतं आणि बॅम्बर्गरही वेगाने होतं. ते महत्त्वाचं आहे, कारण फेनिलहायड्रॉक्सिलअमाइन कॅथोडपाशी रेंगाळलं की आणखी दोन इलेक्ट्रॉन घेऊन अॅनिलिन होतं. अॅनिलिन जास्त आलं तर आधी तापमान, आम्ल आणि कॅथोडचं पोटेन्शियल पाहा. रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे कॅथोडचं पोटेन्शियल ज्याच्या तुलनेत मोजता येतं तो, पहिल्या दिवसापासून सेलमध्ये असू द्या. नुसता सेलचा व्होल्टेज वाचून कॅथोडवर काय चाललंय ते कळत नाही, त्यात मेंब्रेनची, द्रावणाची आणि अॅनोडची वाटणी मिसळलेली असते. अल्कलीत मात्र हा प्रयोग करू नका. तिथे अॅझॉक्सी, हायड्रॅझो या वाटेने बेंझिडीनपर्यंत जाता येतं, आणि बेंझिडीन कॅन्सर करतं.

मोठं करायचं झालं तर आकार किती होईल? रोज शंभर किलो मालाला, वीस तास चालवून, साडेसात हजार अँपिअर लागतात. चौरस मीटरला हजार अँपिअर धरले तर साडेसात चौरस मीटर कॅथोड. प्लेटिंगच्या कामातले रेक्टिफायर कमी व्होल्टेजचे, भरपूर अँपिअरचे असतात. ते सहज मिळतात, पण साडेसात हजार अँपिअर वाहायला तांब्याच्या बसबारचंच (जाड पट्ट्यांचं) बिल मोठं होतं. दहा सेल ओळीने जोडलेत तर 750 अँपिअर आणि 45 व्होल्ट, तांबं वाचतं. त्यासाठी रेक्टिफायर बनवून घ्यावा लागेल आणि सेलांमधून द्रावणावाटे चोरटा प्रवाह जाणार नाही अशी नळ्यांची मांडणी करावी लागेल. अॅनोडच्या बाजूने ऑक्सिजन निघतो, कॅथोडच्या बाजूने थोडा हायड्रोजन आणि नायट्रोबेंझिनची वाफ. दोन्हींचे व्हेंट शेवटपर्यंत वेगळे ठेवा, यावर तडजोड नाही. नायट्रोबेंझिन कातडीतूनही शरीरात जातं, सेल उघडणाऱ्या माणसाला हे तुम्ही स्वतः सांगा.

अॅनोडवर नुसता ऑक्सिजन सोडणं म्हणजे अर्धी वीज वाया, हे खरं. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने एकाच सेलमध्ये अॅनोडवर टर्ट-ब्युटाइलटोल्युइनचा अॅसिटाल आणि कॅथोडवर फ्थॅलाइड अशी दोन्ही उत्पादनं काढून दाखवली आहेत. छोट्या युनिटने मात्र त्या वाटेला लगेच जाऊ नये. दोन मालांचं मार्केट आणि दोन रिअॅक्शनांचा वेग एकाच वेळी जुळवावा लागतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. तुमच्या यादीतली जी अमाइन्स साधी आहेत, ज्यांत हॅलोजन नाही, दुसरा नाजूक गट नाही, त्यांना रॅने निकेल या कॅटॅलिस्टवर हायड्रोजनेशन हाच स्वस्त मार्ग आहे. जागा, परवाना आणि प्रशिक्षित माणसं असतील तर तिकडे जा, किंवा ज्याच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे त्याच्याकडून जॉबवर्क करून घ्या. वीज तिथे शोभते जिथे हायड्रोजन नको ते तोडतो, जिथे रिडक्शन मधल्या पायरीवर थांबवायचं असतं, किंवा जिथे माल थोडा पण किमती असतो. क्लोरो-नायट्रो संयुगांकडे मी तुमच्या जागी पॅरा-अमिनोफिनॉलच्या आधी पाहिलं असतं. ज्या उत्पादनात आम्लाचा क्षारच विकला जातो, म्हणजे अमाइन हायड्रोक्लोराइड किंवा सल्फेट म्हणून जातं, तिथे तर जरूर पाहा; मारायचं आम्ल तिथे बरंच कमी होतं.

तुमच्या यादीतून एक असं संयुग निवडा आणि पडदा असलेल्या अर्ध्या लिटरच्या सेलमध्ये त्याच्या तीन बॅच करा, प्रत्येकीत आधीचंच आम्ल फिरवून. प्रत्येक बॅचचे पाच आकडे लिहून ठेवा: किती अँपिअर-तास गेले, सुकलेला माल किती, नायट्रो किती उरलं, नको असलेला माल किती, आणि मदर लिकरमध्ये आम्ल किती राहिलं. तिसऱ्या बॅचचा पाचवा आकडा पहिल्या बॅचच्या जवळ असेल तर मेंब्रेनवाल्यांकडून कोटेशन मागवा.